एकटीसाठी कूलर

ऑर्किडबद्दल इंटरनेटवर काहीही शोधा, पहिला सल्ला ठरलेला असतो: ह्युमिडिटी 50 ते 70 टक्के ठेवा. कुंडीखाली खडे घातलेली पाण्याची ताटली ठेवा, अधूनमधून फवारा मारा. वर्ध्यात मे महिन्यात हे वाचलं की हसू येतं. पारा 45च्या आसपास, दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली. फवारा बघता बघता उडून जातो. आणि तेच पाणी फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात साचून राहिलं, तर मधला कोंब कुजतो.

मुळात टक्केवारी अर्धीच गोष्ट सांगते. तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते. त्यामुळे 20 अंशांतले 50 टक्के आणि 40 अंशांतले 50 टक्के सारखे नसतात. दुसरी हवा साधारण तिप्पट तहानलेली असते. म्हणजे हवा थंडही करायची आणि तिला ओलावाही द्यायचा. ही दोन्ही कामं करणारं यंत्र विदर्भात घरोघरी आहे: कूलर. एसी हवा थंड करतो, पण तिच्यात पाणी घालत नाही. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गारही असते आणि ओलीही. फक्त समोरची एखादी खिडकी उघडी हवी आणि कुंडी थेट झोतात नको.

आमच्या वर्ध्याच्या घरी कूलर होताच, पण आई तो लावायची नाही. बाबा गेल्यापासून ती एकटी, मी पुण्यात. "एकटीसाठी काय कूलर लावायचा बापा?" टाकी बादलीने भरायची, नळ एक दिवसाआड, वर बिल. ओला पंचा अंगावर घेऊन ती पंख्याखाली झोपायची.

एका लग्नात स्टेजवरची ऑर्किड्स तिला फार आवडली होती, म्हणून फेब्रुवारीत मी एक पांढरं फॅलेनॉप्सिस नेलं. कुंडीमागे डीएचटी22 सेन्सर आणि एक वायफाय बोर्ड लावला. आलेख माझ्या फोनवर. एप्रिलमध्ये रात्रीची रेघ तिशीच्या वर जाईना. हे झाड पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, निवडुंगासारखं. तेव्हा रात्रीची हवा त्याला महत्त्वाची. मी आईला तेवढंच सांगितलं.

"जंगलात याले कोन कूलर लावते?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे आंब्या-मोहाच्या फांद्यांवर वाढणारी रास्ना, म्हणजे व्हँडा, हेही ऑर्किडच. जाड पानांच्या जोरावर ती इथला उन्हाळा काढते. फॅलेनॉप्सिसचं माहेर मात्र आग्नेय आशियातली दमट जंगलं.

दुसऱ्या दिवशी रात्री दहानंतर रेघ चढू लागली आणि साठावर जाऊन थांबली. आईने खाटही त्याच खोलीत आणली होती. झोप लागली का विचारलं तर म्हणाली, "झाडाले विचार."

मग मला रोज दहा वाजता आलेख बघायची सवय लागली. मे महिन्यात एका रात्री रेघ चढलीच नाही. मी शेजारच्या काकूंना फोन केला. लाइट गेली होती, बाकी काही नाही. सकाळी आईचा फोन: "झाडावर पाळत ठेवतं का माह्यावर?" मी म्हणालो, दोघांवर. ती काही बोलली नाही, पण सेन्सरही काढला नाही.

जूनमध्ये पाऊस आला. कूलर बंद झाला आणि रेघ दिवसरात्र ऐंशीच्या वर. आता धोका उलटा: पाणी जास्त झालं तर मुळं सडतात. पंख्याने हवा खेळती ठेवायची आणि हिरवी मुळं चंदेरी झाली की मगच पाणी द्यायचं. हे सेन्सरला कळत नाही, कुंडीत डोकावूनच बघावं लागतं. त्या सपाट रेघेतून आईचंही काही कळत नाही.

म्हणून दहा वाजता मी फोन करतो. ती आधी मुळांचा रंग सांगते, मग गुडघ्याचं.