वेण्णा तलावावरचा एक दिवस : आजी-आजोबांसह

उन्हाळ्याची सुटी लागते, नातवंडे घरी येतात आणि महाबळेश्वरचा बेत ठरतो. त्या वेळी घरातील ज्येष्ठांच्या तोंडून हटकून एक वाक्य येते, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो." आग्रहाने ते सोबत आले, तर तलावाच्या काठावर तेच वाक्य वेगळ्या रूपात ऐकू येते, "तुम्ही नावेत बसा, मी इथे सामान राखते." या वाक्यामागे नेहमीच अनिच्छा असते असे नाही. पुष्कळदा दुखऱ्या गुडघ्यांवरचा अविश्वास असतो, स्वच्छतागृह वेळेवर सापडेल की नाही ही धास्ती असते आणि आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होईल हा संकोच असतो. थोडी पूर्वतयारी केली, तर हे तिन्ही अडथळे पुष्कळसे दूर होतात.

पाचगणीकडून महाबळेश्वरला येताना, बाजारपेठ लागण्यापूर्वीच रस्त्यालगत वेण्णा तलाव दिसतो. हा तलाव निसर्गाने घडवलेला नाही. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये तो बांधवून घेतला. वेण्णा नदी येथून पुढे लिंगमळ्याच्या कड्यावरून खाली झेपावते आणि साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर कृष्णेला मिळते. महाबळेश्वराचा आरोग्याशी असलेला संबंधही जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, येथे हवापालटासाठी वसाहत उभी राहिली. आपण आज ज्याला सहल म्हणतो, ते पूर्वीच्या पिढ्यांसाठी वैद्यांनी सांगितलेले पथ्य होते.

येथील गारव्याचे कारण सोपे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे आणि दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणून पायथ्याच्या वाईत अंग भाजत असताना तलावाकाठी मात्र झुळूक सुखावते. परंतु हा गारवा थोडा फसवा असतो. हवा गार असली, तरी ऊन प्रखरच असते. पाण्यावरून परावर्तित होणारे किरण त्यात भर घालतात. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास शरीरातील पाणी अधिक लवकर घटते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या-पाऊण तासाने चार-सहा घोट पाणी द्यावे. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

येथेच ती स्वच्छतागृहाची धास्ती आड येते. आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्यांना चक्कर येते, हे अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. "पाणी प्या" असा उपदेश करण्याऐवजी वाटेतील थांबे आधीच ठरवून त्यांना सांगावेत. पसरणीचा घाट चढण्यापूर्वी वाईत एक थांबा घ्यावा, पाचगणीत दुसरा. तलावावर पोहोचताच स्वच्छतागृह कोठे आहे ते घरातील तरुणाने पाहून यावे. खात्री मिळाली की पाणी आपोआप पोटात जाते.

घाटातील वळणांनी मळमळत असल्यास पोट अगदी रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. अशा वेळी पुढच्या आसनावर बसून नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी. उलटीच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो; त्या परस्पर घेऊ नयेत. इन्शुलिन उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नये, सोबतच्या पिशवीत गार राहील असे बाळगावे.

तलावावर सकाळी लवकर पोहोचावे. दुपारनंतर गर्दी वाढते, काठावरचे घोडे आणि मक्याच्या कणसांच्या गाड्या यांच्यामधून काठी टेकत चालणे अवघड होते. सकाळी पाणी बहुधा शांत असते आणि पलीकडच्या काठावरची गर्द झाडी त्यात स्पष्ट उतरते.

आता खरा प्रश्न उरतो तो नावेत पाऊल टाकण्याचा. पायांनी चालवायची बोट गुडघेदुखी असणाऱ्यांनी टाळावी. वल्ह्यांची नाव निवडावी आणि नावाड्याला "आजोबांना सावकाश बसवायचे आहे" असे आधीच सांगावे. एक धडधाकट माणूस प्रथम नावेत उतरून बसावा, दुसरा काठावर थांबावा. आजोबांनी नावेच्या मध्यभागी पाऊल ठेवावे, आधार घेऊन लगेच बसावे आणि फेरी संपेपर्यंत उभे राहू नये. तरंगजाकीट सर्वांनी घालावे. नातवंडांनीही घातले म्हणजे आजोबांना अवघडल्यासारखे वाटत नाही. चष्म्याला दोरी बांधावी, कानातील श्रवणयंत्र पाण्यापासून जपावे. ज्यांना अलीकडे चक्कर आली आहे, ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे अनोळखी जागी घाबरायला होते, त्यांना नावेत बसण्याचा आग्रह करू नये.

अशा ज्येष्ठांची सहल काठावरही पूर्ण होऊ शकते. मात्र त्यांना सामानाजवळ एकटे बसवून जाऊ नये. सावलीत पाठीला टेकू मिळेल अशी जागा शोधावी आणि घरातील सर्वांनी पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसावे. अशी पाळी लावली, तर एरवी अहोरात्र सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही निश्चिंत मनाने पाण्यावर अर्धा तास मिळतो. सेवा करणाऱ्याचा थकवा कोणाच्या सहज ध्यानात येत नाही. त्या अर्ध्या तासाचे मोल त्यांना विचारावे.

मधुमेह असलेल्यांनी क्रीम-साखरेने भरलेल्या पेल्याऐवजी नुसत्या ताज्या स्ट्रॉबेरी धुऊन, बेताने खाव्यात. जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळाव्यात. दुपारी दोन तास विश्रांती ठेवावी. एका दिवसात सगळी ठिकाणे पाहून संपवण्याची घाई वृद्धांना सोसत नाही.

तेव्हा यंदा बेत आखताना, ज्येष्ठांनी "मी इथेच बसतो" म्हटले, तर ते वाक्य लगेच मान्य करू नका. त्यांच्याशेजारी बसून शांतपणे कारण विचारा. गुडघा म्हणाले, तर हात द्या; धास्ती म्हणाले, तर सोय दाखवा. आणि वाचकहो, आपणच ते ज्येष्ठ असाल, तर मुलांनी पुढे केलेला हात संकोच न करता धरा.