सासष्टीचे पावसाळी स्वयंपाकघर

सां जांवचा सण आटोपल्यावर मडगावच्या परिसरात आम्ही फिरलो ते संततधारेतच. अशा दिवसांत सासष्टीतील घरांची परसातली चूल विझते आणि सारा स्वयंपाक आत येतो. डुकराच्या चॉपचे त्यावाचून काही अडत नाही. जाड बुडाचा तवा आणि घट्ट झाकण पुरे.

इंचभर जाडीचे, हाडासकट चॉप घ्यावेत. कडेची चरबी दोन-तीन ठिकाणी चिरावी, म्हणजे तव्यावर ते आक्रसत नाहीत. मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण व माडाच्या सुरेचे व्हिनेगर लावून तासभर मुरू द्यावेत. द्राक्षमद्यात व लसणात मांस मुरविण्याची रीत पोर्तुगीजांची. मद्याची जागा येथे माडाने घेतली. आम्हांस तरी हा बदल अधिक रुचतो!

तापल्या तव्यावर दोन्ही बाजू तांबूस झाल्या की आच मंद करून झाकण ठेवावे. खरी कसोटी यापुढची. फीतकृमीच्या भयाने पुष्कळ घरी चॉप चामड्यासारखा होईतो भाजतात. भय खोटे नाही, उपाय मात्र अतिरेकी. अमेरिकेच्या कृषिखात्याने २०११ साली अखंड तुकड्यांसाठी ७१ ऐवजी ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटांचा विसावा पुरेसा ठरविला. मांस कोठून आले हे ठाऊक नसेल तेथे आम्ही जुन्या ७१ अंशांवरच राहतो. झाकणाखालच्या वाफेने तोही चॉप कोरडा पडत नाही. तापमापकाचे टोक हाडाला न टेकविता मधोमध खुपसावे; नुसत्या रंगावर विसंबू नये.

तव्यातला आंबट रस मात्र फेकू नये. पोदेराचा ताजा उंडो त्यासाठीच असतो.