तिसरा रकाना

मी वाचक झालो तो उशिरा, आणि झालो तो इतरांमुळे. त्याआधी पुस्तकं मात्र पुष्कळ नेत होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात नोकरी. संध्याकाळी घरी जाताना गावच्या सार्वजनिक वाचनालयात डोकवायचं, पुस्तक बदलायचं, आठवडाभरात संपवायचं, पुन्हा बदलायचं. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, जे हाताला लागेल ते. यालाच मी वाचन समजत होतो.

एकदा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊन मी देवघेवीच्या टेबलापाशी उभा होतो. नोंद करता करता ग्रंथपालबाईंचा हात थांबला. मागच्या पानाला चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही तर तुम्ही आधी नेलीय." चिठ्ठीवर माझाच सभासद क्रमांक होता. मला त्यातलं अक्षरही आठवेना. धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला कोवळा मास्तर, वाडीनं मिळून उभी केलेली तालीम, पुढे दुष्काळानं उठून गेलेली माणसं. हे सगळं एकदा माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि त्यातलं काही उरलं नव्हतं. बाई हसल्या नाहीत. "पुन्हा वाचा, चांगलंच आहे. या वेळी दोन ओळी लिहून ठेवा," असं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून एक शंभर पानी वही काढून दिली. पाडवा जवळ आला होता. "पाडव्यापासून सुरू करा, वर्षभर चालू ठेवा," एवढंच त्यांनी सांगितलं.

वहीचे रकाने त्यांनीच पट्टीनं आखून दिले. पहिल्यात पुस्तक आणि लेखक, दुसऱ्यात सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, तिसऱ्यात 'कुणी सांगितलं', चौथ्यात 'थांबलो ते पान', आणि उरलेल्या जागेत मत. बाईंनी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला होता. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्यांना तोंडपाठ होती. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन त्या नेहमी सांगत. पुस्तक आणि वाचक यांच्या मधे बहुतेक वेळा एखादं माणूस असतं, ते माणूस विसरू नये म्हणून तिसरा रकाना, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नाही. पहिल्या काही ओळींत तिथे मी नुसती आडवी रेघ मारली आहे.

मतही तसंच. 'छान आहे', 'कंटाळवाणं', 'शेवट पटला नाही'. महिनाअखेरीस बाईंनी वही मागून घेतली, वाचली आणि विचारलं, "छान म्हणजे कुठलं पान?" मी गप्प राहिलो. दिवसभर लोकांच्या हिशेबातली प्रत्येक रक्कम पावतीशी ताडून पाहणारा मी, स्वतःच्या मताला एकही पावती जोडत नव्हतो. त्या दिवसापासून चौथा रकाना मी रिकामा सोडला नाही. कुठल्या पानावर थांबलो, का थांबलो, एवढं लिहायला लागल्यावर वाचायचा वेग आपोआप कमी झाला.

त्याच सुमारास बाईंनी मला वाचकांच्या बैठकीला यायला सांगितलं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, वाचनालय बंद झाल्यावर, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाभोवती आठ-दहा माणसं बसत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, गाड्या दुरुस्त करणारा एक तरुण मुलगा, गावाबाहेर मळ्यात राहणारे एक शेतकरी तात्या. प्रत्येकानं आपापली वही आणायची आणि महिन्यात वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल बोलायचं. नियम एकच, मत सांगितलं की पान सांगायचं.

उद्धव शेळके यांच्या 'धग'वर मी त्या टेबलाशी बोललो तेव्हा माझ्या वहीत लिहिलं होतं, 'दुःखाचा अतिरेक, बोली समजायला अवघड.' १९६० साली आलेली ही कादंबरी मी निम्म्यावर सोडली होती. सिस्टर मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांनी वाद घातला नाही. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मी थांबलो होतो तेच पान उघडलं आणि कादंबरीची नायिका कौतिक हिचं बोलणं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी ज्या शब्दांना अडखळलो होतो ते त्यांच्या तोंडून सरळ येत होते. कौतिक रडत नव्हती. ती भांडत होती, हिशेब करत होती, उद्याच्या भाकरीची तजवीज करत होती. रडण्याचा सूर मीच डोळ्यांनी वाचताना तिच्यावर चढवला होता. वाचून झाल्यावर सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात हो. तुम्ही ऐकल्या नाहीत." मी पुस्तक परत घरी नेलं आणि रोज थोडं थोडं, मोठ्यानं वाचून पुरं केलं. बोलीतलं पुस्तक कानानं वाचायचं असतं, हे मला सिस्टरांनी दिलं.

'कोसला'चंही असंच झालं. पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं होस्टेल मला लांबण वाटलं होतं. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मुलानं विचारलं, "मनीपर्यंत पोचलात का?" नव्हतो पोचलो. देवीच्या साथीत धाकटी बहीण जाते आणि भावाचं सगळं जग उसवतं, ती पानं वाचल्यावर आधीची पानं मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. भालचंद्र नेमाडे यांच्या या कादंबरीपुढे, तिसऱ्या रकान्यात, त्या मुलाचं नाव आहे.

त्या वर्षी एक पुस्तक आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे बारा लेख, १९५६ साली पुस्तकरूपानं आलेले. दर महिन्याला त्या महिन्याचा लेख वाचायचा, असं ठरलं. ही कल्पना तात्यांची. ते लेख वाचून यायचे आणि आपल्या बांधावर त्या महिन्यात काय फुललं, काय झडलं ते सांगायचे. दुर्गाबाईंनी पाहिलेलं आणि आपल्याकडचं जिथे जुळत नसे तिथे ते पुस्तकाला खोटं ठरवत नसत आणि स्वतःलाही नाही. "त्यांचं रान वेगळं, माझं रान वेगळं, पण बघायचं कसं ते त्यांनी दाखवलं," असं म्हणायचे. कारखान्याच्या रस्त्यावरचा पळस मी नोकरीला लागल्यापासून रोज ओलांडत होतो. तो पळस आहे हे मला तात्यांमुळे त्या वर्षी कळलं.

दिवाळी आली. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही आपली रीत. आमच्या वाचनालयातही दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरून घेतात आणि अंक हातोहात फिरतात. त्या गर्दीत बाईंनी माझी वही पुन्हा मागितली. पाडव्यापासूनच्या नोंदी चाळून म्हणाल्या, "पहिला रकाना वरपासून खालपर्यंत वाचा, फक्त लेखकांची नावं." मी वाचत गेलो. दुर्गाबाई सोडल्या तर सगळे पुरुष. बहुतेक पुण्या-मुंबईचे. मी निवडून असं केलं नव्हतं, पण वहीनं जे झालं होतं ते मांडून दाखवलं. नुसतं वाचत राहिलो असतो तर हे मला जन्मात कळलं नसतं.

बाईंनी आतून दोन पुस्तकं आणली. एक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', आणि दुसरं बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. लक्ष्मीबाईंचं नाव तरी ऐकून होतो. बेबीताई आमच्याच जिल्ह्यातल्या, फलटणच्या. एसटीनं जाऊन संध्याकाळी परत यावं एवढ्या अंतरावर त्या राहिल्या, लिहित्या झाल्या, आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. फलटणला त्या छोटं दुकान चालवत. माल बांधायला आलेली रद्दी वाचत, आणि आपलं लिखाण घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवत. ते १९८६ साली पुस्तक होऊन आलं. ते वाचताना मी जागोजागी थांबलो. चौथ्या रकान्यातले पानांचे आकडे मावेनात म्हणून समासात लिहिले आहेत. ओळखीच्या मुलखातल्या वाटा, जत्रा, विहिरी त्यात होत्या, पण त्या मी कधी चाललो नव्हतो अशा बाजूनं दिसत होत्या.

त्या पुस्तकावर बैठकीत बोलताना मी अडखळलो. काय बोलावं ते सुचेना. तेव्हा कंडक्टरकाकांनी सांगितलं, "आधी दया पवारांचं 'बलुतं' वाचा, मग दोन्हींवर मिळून बोलू." १९७८ सालचं ते आत्मकथन मी पुढच्या महिन्यात वाचलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच. मी वहीत प्रश्न लिहिला होता, 'लेखकानं स्वतःचे दोन भाग का केले?' मला ती लेखनाची एक पद्धत वाटली होती. काकांचं लहानपण मुंबईत, पुस्तकातल्या कावाखान्यासारख्याच एका वस्तीत गेलेलं. हे त्यांनी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. माझा प्रश्न ऐकून ते बराच वेळ टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "नोकरी लागल्यावर, शर्टाला इस्त्री आल्यावर, त्या वस्तीतला पोरगा आपलाच आहे हे सांगायला तोंड उघडत नाही. मग त्याला समोर बसवून त्याच्याकडूनच वदवून घ्यावं लागतं." नंतर त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं, जी मुंबईच्या रस्त्यांवर कागद वेचायची.

माझ्या वहीत त्या नोंदीखाली माझं मत नाही. काकांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. पुस्तकाबद्दल बोलणं म्हणजे हुशारी दाखवणं नव्हे, हे मला कुणी उपदेश करून शिकवलं असतं तर पटलं नसतं. काकांनी आपलं आयुष्य माझ्या प्रश्नापुढे ठेवलं, म्हणून पटलं. त्यानंतर बैठकीत मी आधी ऐकायला लागलो.

फाल्गुनात 'ऋतुचक्र'चा शेवटचा लेख झाला आणि वहीही संपत आली. त्या बैठकीत प्रत्येकानं आपलं वर्ष सांगायचं होतं. मी पुस्तकांची बेरीज करून नेली होती, पण ती सांगावीशी वाटली नाही. त्याऐवजी मी तिसरा रकाना वाचून दाखवला. सिस्टर, तात्या, काका, तो मुलगा, बाई. सुरुवातीच्या आडव्या रेघा सोडल्या तर एकाही पुस्तकापुढे जागा रिकामी नव्हती. मला जे जे लाभलं ते कुणीतरी हातात ठेवलं म्हणून लाभलं होतं.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. सार्वजनिक वाचनालयातल्या ग्रंथपालांना मिळतं ते मानधन किती तुटपुंजं असतं, हे हिशेबाच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या मानधनात दुसऱ्या शनिवारची संध्याकाळ धरलेली नव्हती. शंभर पानी वहीचे पैसेही नव्हते. कंडक्टरकाका आज नाहीत. बैठक अजून भरते, नवी माणसं येतात, वहीचे रकाने तेच आहेत. नव्या माणसाला वही आखून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि तिसरा रकाना कशासाठी हे मी त्यांना बाईंच्याच शब्दांत सांगतो. आज एखाद्या पुस्तकाबद्दल मी माझं मत म्हणून जे बोलतो, त्यात ऐकण्याची सवय सिस्टरांची आहे, बघण्याची तात्यांची, आणि बोलण्याआधी थांबण्याची काकांची. या माणसांचं देणं फिटण्यासारखं नाही. ते कुणाचं आहे एवढं नोंदवून ठेवणं माझ्या हातात होतं, म्हणून हे लिहिलं.