रजेचा हिशेब, खाड्याचा हिशेब

बीडमधल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापनेचं टेबल सांभाळते. बदल्या, वेतनवाढी, भविष्य निर्वाह निधी असं बरंच काही त्या टेबलावरून जातं, पण माणसं माझ्यासमोर येऊन बसतात ती बहुतेक रजेसाठी. सीएल किती उरल्या, मुलीच्या लग्नाला अर्जित रजेतले दिवस पुरतील का, आईच्या ऑपरेशनसाठी कोणती रजा टाकू, हे त्यांचे प्रश्न. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा आधीच्या लिपिकांनी एक जुनं, कडा झिजलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं होतं : महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. ते मी रात्री घरी नेऊन वाचलं. वाचताना दर पानावर मला माझी माय आठवत होती.

आमचं गाव वडवणी तालुक्यातलं. बालाघाटाच्या उतारावरची हलकी जमीन, एका पिकाची. खरिपाची काढणी उरकली की दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावात ट्रक लागायचे आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघून जायचं. माझे आईवडील सांगलीच्या बाजूला जायचे. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. ती रक्कम हंगामभर ऊस तोडून फेडायची. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दोघांची मिळून, मजुरीही दोघांची मिळून. त्यातला एक जण एखाद्या दिवशी कामावर आला नाही तर तो खाडा. मुकादमाच्या वहीत नावापुढे खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी तर जायचीच, वर दंड लागायचा. अलीकडच्या काळात तो दिवसाला पाचशे रुपये आणि त्याहून जास्तही ऐकला आहे. त्या पैशाचं ओझं पुन्हा उचलीवर चढायचं, आणि उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाबरोबर जावं लागायचं.

मायला मी फडावरच्या झोपडीत, कोपीत, तापानं फणफणलेलं पाहिलं आहे. पहाटे चारला टोळी उठायची, तिच्याबरोबर तीही उठायची. बाप म्हणायचा, पडून ऱ्हा. ती म्हणायची, पडून राहिले तर खाडा तुम्ही देता का? माझा धाकटा भाऊ हंगामातच झाला, फडाच्या बांधावर उभ्या केलेल्या कोपीत. त्याचं बारसं व्हायच्या आत माय पुन्हा कोयता घेऊन उभी होती. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. मी त्याला झोळीत झोके देत बसायचे आणि उसाचे वाढे वेगळे करायचे. पुढे आजीनं मला गावात ठेवून घेतलं, म्हणून शाळा झाली आणि ही नोकरी लागली.

नियमांच्या त्या पुस्तकात काय आहे हे माझ्या गावातल्या बायांना मी कितीदा तरी सांगितलं आहे. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा. ती १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी आगाऊ खात्यावर जमा होते. म्हणजे माणूस आजारी पडायच्या आधीच सरकारनं त्याच्या आजारपणाची, त्याच्या घरच्या कार्याची जागा धरून ठेवलेली असते. वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा वेगळी. डॉक्टरचा दाखला असेल तर ती पूर्ण पगारी, म्हणजे परिवर्तित, करून घेता येते, मात्र मग एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात. किरकोळ रजा, म्हणजे सीएल, वर्षाला ८. बाळंतपणाला १८० दिवस. २०१८ पासून लेकरांच्या संगोपनासाठी आणखी १८० दिवस, बाईला, आणि पत्नी वारलेली किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुषालाही. काहीच शिल्लक नसेल तर असाधारण रजा. तिला पगार नाही, पण नोकरी राहते.

बाया ऐकून घेतात आणि विचारतात, मग काम कोण करतंय? हा प्रश्न बरोबर आहे. काम शेजारच्या टेबलावरचा माणूस करतो. रजेवर जाणाऱ्याच्या अर्जावर पर्यायी कर्मचाऱ्याची सही असते. एकाच्या नसण्याचा भार सगळ्यांनी थोडाथोडा उचलायचा, ही व्यवस्था कागदावर आधीच ठरलेली आहे.

त्याच पुस्तकात एक वाक्य असं आहे की नवीन लागलेली मुलं ते वाचून बिचकतात : रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. लोककामाची निकड असेल तर अधिकारी ती नाकारू शकतो, रजेवर गेलेल्याला परतही बोलावू शकतो. मी त्यांना सांगते, घाबरू नका, पण नीट समजून घ्या. साहेब रजा नामंजूर करू शकतात, मात्र त्यांना ते अर्जावर लिहून द्यावं लागतं. तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार त्यांच्या मर्जीनं बदलता येत नाही. आणि न सांगता गेलात तर ती अनधिकृत गैरहजेरी, तिची नोंद सेवापुस्तकात पडली की पुढच्या वेतनवाढीपासून निवृत्तिवेतनापर्यंत त्रास. म्हणून अर्ज आधी द्या, आवक क्रमांक घ्या, आजारपण अचानक आलं तर घरच्या माणसाकरवी चिठ्ठी पाठवा. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला विसरू नका. रजा मंजूर झाली की नाही एवढंच माणसं बघतात, ती कोणत्या खात्यातून गेली हे बघत नाहीत आणि निवृत्तीच्या वेळी हिशेब जुळत नाही, हे मी रोज पाहते.

रजेच्या एका अर्जानं आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं होतं. माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नामंजूर झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून हा सेवेचा प्रश्न म्हणून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे बोट दाखवलं गेलं. शेवटी २०१८ मध्ये शासनानं परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे बीड पोलिसांत परत कामावर आले. चहाच्या टपऱ्यांवर चर्चा भलत्याच गोष्टीची चालली होती. आम्हा आस्थापनेवाल्यांच्या मनात मात्र सरळ प्रश्न होता : रजेवर गेलेल्या माणसाला परत येण्यासाठी त्याची जागा राहील का? ती राहिली, याचं मला फार समाधान वाटलं होतं. रजेचा अर्ज माणसाच्या आयुष्यात किती खोल जाऊ शकतो हे त्या प्रकरणानं मला दाखवलं.

त्याच्या पुढच्याच वर्षी बीडचं नाव पुन्हा सगळीकडे गाजलं, गर्भाशयांमुळे. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढल्याची माहिती २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बाहेरगावाहून येणारे पत्रकार विचारायचे, एवढ्या बायका का तयार होतात? आमच्या घरात याचं उत्तर होतं. माझ्या एका चुलतीचं गर्भाशय तिशीच्या आत काढलं होतं. अंगावरून जायचं, पोटात दुखायचं, महिन्यातले तीन-चार दिवस फडात उभं राहवत नसे, आणि प्रत्येक दिवसाचा खाडा. डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. तिनं मनाशी हिशेब केला आणि उचलीतूनच ऑपरेशनचे पैसे दिले. त्या हंगामालाही ती तोडणीला गेली. टाके ओले असताना मोळ्या उचलल्या. आता पन्नाशीच्या आतच तिची कंबर गेली आहे, हाडं दुखतात, रात्र रात्र झोप नसते.

आमच्या कार्यालयातल्या एका परिचर ताईंचं हेच ऑपरेशन झालं. त्यांनी डिस्चार्ज कार्ड जोडलं, परिवर्तित रजा घेतली, दाखल्यात विश्रांती लिहिली होती तेवढे दिवस घरी राहिल्या आणि पूर्ण पगार घेऊन रुजू झाल्या. त्यांच्या सेवापुस्तकात ती नोंद मी माझ्या हातानं केली. नोंद करताना चुलती डोळ्यांपुढे होती. दोघींच्या दुखण्यात काडीचा फरक नव्हता.

२०१९ नंतर गर्भाशय काढण्यासाठी खाजगी डॉक्टरला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. हे चांगलंच झालं. पण खाडा तसाच राहिला, आणि माझ्या मते मूळ दुखणं तिथं आहे. बाईला दोन दिवस बसून राहायची सोय नसेल, तर शस्त्रक्रियेवर पहारा बसवून तिची कंबर जायची थांबणार नाही.

कायद्याची पुस्तकं मी यासाठी पुन्हा पुन्हा चाळली. कारखाने अधिनियम, १९४८ सांगायचा की वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. २४० दिवस कधी भरणार होते? आणि कोयता तर कारखान्याच्या गेटाबाहेर चालतो. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ त्या मानानं जवळचा वाटला. त्याला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम पुरायचं, आणि २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली. गर्भपात झाला तरी सहा आठवडे. ८० दिवस आमच्या बाया संक्रांतीच्या सुमारालाच भरतात. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात हजेरीपटावरच्या रोजंदार बायांनाही बाळंतपणाचा लाभ द्यायला लावला होता. तो निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून बसले. रस्त्यावर खडी फोडणारी बाई त्यात बसते, मग ऊस तोडणारी का नाही? अडतं एकाच ठिकाणी. मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मी बी कर्जातच. हजेरीची वही आहे, पण ती खाडा लिहिण्यासाठी आहे.

मागच्या हंगामाआधी आमच्या भावकीतल्याच एका मुकादमाशी मी बोलायला बसले. तात्या वयानं मोठे, माझ्या बापाबरोबर तोडणी केलेले. मी म्हटलं, "तात्या, उचलीच्या वहीत एवढं लिहा, बाळंतपणाचा आन् आजारपणाचा खाडा लावायचा न्हाई."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या हापिसात कागद दोन दिस पडला तर सडत न्हाई, बाई. तिकडं गाडी भरली न्हाई की कारखाना मला धरतो. मपल्या डोक्यावर बी उचल हाय. कामून मी एकट्यानं सोसावं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते तोडून टाकता आलं नाही. मी त्यांना आमच्या कार्यालयातली रीत सांगितली. टोळीत दहा-बारा कोयते असतात, एकीच्या वाट्याची मोळी बाकीच्यांनी वाटून घेतली तर गाडी अडत नाही. टोळीतल्या बायाही बोलल्या. शेवटी तात्यांनी वहीत लिहिलं : बाळंतीण बाईला दीड महिना खाडा नाही. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी असेल तर आजारपणाचा खाडा नाही. पाळीचा विषय काढला तसे ते उठून गेले. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची अशी रजा आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. वहीच्या त्या पानाचा फोटो मी प्रत्येक जोडीच्या फोनवर पाठवला.

हंगामात टोळीतली एक पोरगी बाळंत झाली. तात्यांनी शब्द पाळला, तिला दंड लागला नाही. पण नवरा एकटाच राबला म्हणून मजुरी अर्ध्या कोयत्याची मिळाली आणि उचल फिटायची राहिली. दंड माफ झाला म्हणजे रजा मिळाली असं होत नाही. रजेचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात. ते द्यायला जागा आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचं शासनानं ठरवलेलं आहे. बाळंतपणाचे आणि आजारपणाचे दिवस त्यातून भरून द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. बाईला दीड महिन्याची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात मिळाली तर मुकादमावरही भार येत नाही.

म्हणून यंदा आम्ही एक अर्ज केला. मसुदा मी लिहिला, आमच्या कार्यालयातल्या रजेच्या नमुन्यावरून. बाईचं नाव, ग्रामसेवकानं दिलेल्या ओळखपत्राचा क्रमांक, मुकादमाचं नाव, कारखाना, कामावर हजर झाल्याची तारीख, रजा कोणत्या कारणासाठी आणि कधीपासून कधीपर्यंत. आमच्या नमुन्यात रजाकाळातल्या पत्त्याचा रकाना असतो, तोही मी ठेवला. बाळंत झालेली बाई कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या फडावर आहे हे तिथल्या आशाताईला कळायचं तर तो लागतोच. रविवारी पारावर बसून आम्ही तो मसुदा वाचला. माझी चुलती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "रजा सरल्यावर पुन्हा त्याच टोळीत घ्यायचं, उचल न वाढवता, हे कुठं लिवलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. तिथल्या तिथं शेवटच्या परिच्छेदात ते वाक्य घातलं, बायांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी अर्जाच्या दोन प्रती केल्या : एक महामंडळाला, एक कामगार कार्यालयाला. दोन्हींची पोच मी फायलीला लावून ठेवली आहे.