वाचू का सांगू?

पन्नाशी उलटली की कान वरचे सूर आधी सोडतो, हे ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मेळघाटात कोरकू भाषेतून बायबलचे भाग ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका मुरलेल्या ध्वनिमुद्रकाला ते कळलं रातकिड्यामुळे. टेक ओके म्हणून त्यांनी हात वर केला, तर शेजारी दुसरा हेडफोन लावून बसलेली मदतनीस म्हणाली, "काका, मांगं किडा ओरडून राह्यला." त्यांनी पुन्हा ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं. किडा त्यांच्यापुरता नव्हताच.

स्वतःच्या कानाचा त्यांना गर्व होता, आणि ते तो लपवत नाहीत. नुसतं ऐकून माइक कुठला ते ओळखायचं, आवाज अडवायला टांगलेल्या दोन गोधड्यांच्या मधली फट कुठे राहिली ते सांगायचं, आणि समोरच्याचे डोळे विस्फारले की मनातून सुखावायचं. हा मान आता धारणी तालुक्यातल्या त्या बारावी झालेल्या कोरकू मुलीकडे गेला. सकारांची फुसफुस, ओठांची चटचट, दूरची मोटारसायकल हे सगळं तीच पकडते. हे त्यांना लागलं, अजूनही लागतं. पण तिच्यामुळेच त्यांची जुनी अडचण नव्याने समोर आली. एका वाचकाचं वाचन त्यांना अगदी स्वच्छ वाटलं होतं. ती म्हणाली, "हे शाळेतल्यावाणी आहे. घरी असं कोणी बोलत नाही."

कोरकू ही मुंडा कुळातली, त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्यात आणि सीमेपलीकडे बैतूल, खंडव्याकडे ती बोलली जाते. मराठी-हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. पण इकडचं कोरकू माणूस वाचायला शिकतं ते मराठी शाळेत, देवनागरीत. त्यामुळे हातात छापील कागद आला की शब्द कोरकू राहतात आणि चाल मराठीच्या धड्याची होते. ओळ संपेल तिथे थांबा, मग तिथे वाक्य संपो न संपो. प्रत्येक तुकड्याचं शेपूट वर उचललेलं. ज्याला सराईत वाचता येतं त्याचा सूर जास्त बिघडलेला, आणि जिची कोरकू अस्सल ती आजी निरक्षर. या पेचात हे ध्वनिमुद्रक वर्षानुवर्षं अडकले आहेत.

लूकच्या पंधराव्या प्रकरणातली उधळ्या मुलाची गोष्ट घ्या. घर सोडून गेलेला पोरगा परत येताना बापाला लांबूनच दिसतो आणि म्हातारा धावत सुटतो. वाचनी सुरात तो बाप धावतच नाही. 'दिसला', 'कळवळला', 'धावला' ही तिन्ही क्रियापदं एकाच उंचीवर, एकाच अंतराने येतात. ध्वनिमुद्रकाने काय काय केलं! ओळी अर्थाप्रमाणे तोडून मोठ्या टायपात छापल्या. कागद काढून घेतला. एकाने हळू सांगायचं आणि दुसऱ्याने माइकपुढे म्हणायचं, असं करून पाहिलं, तर म्हणणारा सांगणाऱ्याचाच सूर उचलू लागला.

ही शेवटची पद्धत जुनी. जॉय रिडरहॉफ या बाईंनी 1939 साली लॉस एंजेलिसमध्ये गॉस्पेल रेकॉर्डिंग्जचं काम सुरू केलं. पुढे लिपीच नसलेल्या भाषांत जायची वेळ आली, तेव्हा वाक्य-वाक्य सांगून, म्हणवून घेऊन जोडणं हाच मार्ग होता. ध्वनिमुद्रकाला त्या कामाबद्दल आदर आहे. तरी अशा जोडकामात प्रत्येक वाक्य त्याच उंचीवरून नव्याने सुरू होतं, हे त्यांचा आजचा कानही सोडत नाही. संगीत, मेंढरांचे आवाज, वादळवारा घालून नाट्यरूपांतर करणाऱ्यांवर मात्र ते मनापासून चिडतात. सूर खोटा असेल तर व्हायोलिनने तो झाकला जातो, सुधरत नाही, असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे.

हीच गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही ध्वनिमुद्रित झाली होती. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात नमुन्यासाठी उधळ्या मुलाचीच गोष्ट दिलेली असे. 1913 ते 1929 या काळात अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याही निघाल्या. आज त्या संगणकावर ऐकता येतात. ऐकताना कोण सांगतंय आणि कोण वाचतंय, ते लगेच कळतं.

मग एके दिवशी त्या मुलीने आपल्या आजीला आणलं. आजीने कागदाकडे पाहिलं, माइककडे पाहिलं आणि विचारलं, "वाचू का सांगू?" मजकुरातला शब्द बदलायची परवानगी नसते, त्यामुळे 'सांगा' म्हणणं सोपं नव्हतं. आता काम असं चालतं: नात एक परिच्छेद आजीला तीनचारदा वाचून दाखवते, मग कागद उलटा ठेवते. आजी सांगते. नात मजकुराशी ताडून बघते, शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. प्रकरणाला दिवस लागतात. पण आजी बापाच्या धावण्याशी आली की तिचा श्वास आपोआप आखूड होतो, आणि बाप पोराच्या गळ्यात पडल्यावर ती थांबते. तिथे ओळ संपलेली नसते.

हा हट्ट नुसता सौंदर्याचा नाही. 2023 साली मेटा कंपनीने हजाराहून अधिक भाषांत बोलणारी आणि ऐकलेलं लिहून काढणारी यंत्रप्रणाली जाहीर केली. ती शिकवायला त्यांनी वापरली प्रामुख्याने नव्या कराराची वाचनं, दर भाषेची सरासरी बत्तीसेक तासांची. त्यातले बरेचसे आवाज पुरुषांचे. कारण साधं आहे: अनेक छोट्या भाषांत मजकुरासह मिळणारं एवढं लांब ध्वनिमुद्रण दुसरं नसतंच. म्हणजे ज्या सुरात आज कुणी वाचेल, त्याच सुरात उद्या यंत्र ती भाषा बोलेल. ध्वनिमुद्रणात शाळेतली चाल गेली तर यंत्राची कोरकूही धडा वाचल्यासारखीच निघेल.

मेळघाटात, किंवा गोंडी, कोलामी, मावची, वारली बोलणाऱ्या कुठल्याही घरात, गोष्ट रंगवून सांगणारी आजी असेल तर तिचा आवाज या हिवाळ्यातच धरून ठेवा, पावसाळा लागला की कौलांवरच्या आवाजात काही जमत नाही. पंखा बंद करा, फोन गोधडीवर ठेवा, तिच्या हातात कागद देऊ नका.