चर बुजवण्याआधी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण विषय तुमच्या-माझ्या पायाखालचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवा सकाळी हातकणंगल्याहून गावाकडं येताना रस्त्याकडेला नळपाणी योजनेची चर दिसली. लोखंडी पाईप टाकलेले, सांधे वेल्डिंग केलेले आणि पाठीमागून जेसीबी माती ढकलत चाललेला. गाडी बाजूला लावली आणि तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "टेस्टिंग झालं का?" पोरगा चांगला होता. म्हणाला, "काका, आधी बुजवून घेतो. लोकांना जायला-यायला अडचण व्हायलीय. पाणी सोडलं की कळतंयच की."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय. त्या वेळी मी मान डोलावली होती आणि वर सहीसुद्धा केली होती. आज ते सांगून टाकतो.

पंचवीस वर्षं तरी झाली. आम्ही शेतकऱ्यांनी मिळून पाणीपुरवठा संस्था काढली. नदीचं पाणी उचलून माळाला न्यायचं. मी सेक्रेटरी. मला का केलं? तर मी सहा वर्षं एका पाईप कारखान्यात टेस्टिंगला होतो. लोकांना वाटलं, जाणकार माणूस आहे, काम चोख करून घेईल.

आणि मला खरंच माहीत होतं. कारखान्यात प्रत्येक पाईपची दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी भरायचं, दाब चढवायचा आणि काटा हलतो का बघायचं. वेल्डमधून पट्ट्या कापायच्या. एक पट्टी वाकवायची, वेल्डवर चीर पडली की फेल. दुसरी मशीनवर ओढून तोडायची. वेल्ड चांगलं असेल तर पट्टी शेजारच्या पत्र्यात तुटते, वेल्डमध्ये नाही. शिवाय अल्ट्रासॉनिक लावून आत पोकळी किंवा स्लॅग अडकलाय का तेही तपासायचं.

साधा हिशोब सांगतो. आमची लाईन ४०० मिलिमीटर व्यासाची, पत्रा ६ मिलिमीटरचा, दाब ८ किलो. दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट, असं केलं की पत्र्यावर चौरस सेंटिमीटरला साधारण २७० किलोचा ताण येतो. साधं पोलाद २४०० किलोपर्यंत तग धरतं. म्हणजे ताकद जवळजवळ नऊपट. मग पाईपलाईन फुटते का?

कारण पत्रा क्वचितच दगा देतो. दगा देतो गंज, आणि दगा देतो सांधा. कारखान्यातलं वेल्ड मशीन करतं, छपराखाली. चरीतला सांधा माणूस करतो, चिखलात, पाईपच्या खालचा भाग तर पाठीवर आडवं होऊन. ७०१८ नंबरचे रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवायचे असतात. ते उघड्यावर ओल धरतात आणि ओल्या रॉडचं वेल्ड वरून गुळगुळीत दिसलं तरी आतून तडकू शकतं. पाईपच्या कडा नीट तासल्या नाहीत, पहिला थर मुळापर्यंत पोचला नाही, तर वरून जाड साय आणि खाली पोकळ असा प्रकार होतो. डोळ्याला काही दिसत नाही.

म्हणून जागेवरची पाण्याची चाचणी. लाईन खालच्या बाजूनं भरायची, उंचावरच्या एअर व्हॉल्व्हमधून सगळी हवा जाऊ द्यायची आणि मग टेस्टिंग पंपानं दाब कामाच्या दीडपट न्यायचा. आमच्या लाईनला १२ किलो. तोपर्यंत पाईपच्या मधल्या भागावर माती चालेल, सांधे उघडे पाहिजेत. चाचणी पाण्यानंच करायची, हवेनं नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, सांधा सुटला तर तुकडे उडतात. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळं सांधा सुटला की दाब लगेच उतरतो.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसानं काय केलं? एप्रिल होता. ऊस करपायला लागलेला. ज्यांच्या शेतातून चर गेली ते रोज दारात, "बुजवा की आता." चाचणी झाल्याचा कागद दिल्याशिवाय कर्जाचा शेवटचा हप्ता मिळणार नव्हता. ठेकेदार म्हणाला, "साहेब, मोटर चालू केली की आपोआप टेस्टिंग होतंय." मी रजिस्टरवर लिहिलं, "१२ किलो, समाधानकारक." आणि सही केली.

सहा महिने पाणी झकास चाललं. मग एका रात्री मोटर चालू असताना लाईट गेली. पंप थांबला, चढाला लागलेलं पाणी उलटं फिरलं. हा धक्का किती असतो? लोखंडी पाईपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगानं चाललेलं पाणी एकदम अडलं, तर दाब साधारण १० किलोनं वाढतो. आमचा एक सांधा तिथंच उकलला. खाली वस्तीवर एका आबांचा गोठा होता. पाण्याच्या लोंढ्यानं भिंत म्हशीवर पडली. त्या एका म्हशीच्या दुधावर त्यांचा बाजार चालायचा.

सकाळी तो सांधा कापून काढला. आतून बघितलं तर निम्म्या घेरात वेल्ड मुळापर्यंत पोचलंच नव्हतं, पाईपच्या कडा जशाच्या तशा कोऱ्या. दीडपट दाब दिला असता तर हा सांधा दिवसाउजेडी, सगळे लांब उभे असताना, उघडा पडला असता.

आबा भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "सेक्रेटरी, तुम्ही तपासलं होतं न्हवं?"

मी म्हणालो, "हो आबा, तपासलं होतं."

संस्थेनं थोडी भरपाई दिली. आबा आता नाहीत. माझं ते "हो" मात्र अजून गेलेलं नाही.

ही फक्त आमच्या माळाची गोष्ट नाही. ९ सप्टेंबर २०१० ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावात जमिनीखालची गॅसलाईन फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं बेचिराख झाली. लाईन १९५६ ची. कंपनीच्या कागदावर तो पाईप बिनजोडाचा होता. चौकशीत जमिनीतून निघाला तो वेल्डिंगचा, आणि ते वेल्डही आतपर्यंत न गेलेलं. त्या भागाची पाण्याची चाचणीच झाली नव्हती, कारण नियम नंतर आले आणि जुन्या लाईनला सूट मिळाली. कागद ५४ वर्षं खोटं बोलत होता. वाचताना मला माझं रजिस्टर आठवलं.

आपल्याकडं २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरममध्ये गॅसलाईन फुटून २० हून जास्त माणसं गेली. तिथं गंजानं पाईप खाल्ला होता. म्हणजे चाचणी एकदा करून भागत नाही, पुढंही पाईपवर नजर लागते.

आता आपल्याकडं बघा. दाभोळ-बंगळूर गॅसवाहिनी आपल्याच जिल्ह्यातून जाते. काळम्मावाडीहून पुईखडीपर्यंतची कोल्हापूरची थेट पाईपलाईन सुमारे ५३ किलोमीटर, पाईप १.८ मीटर व्यासाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचं पाणी पोचलं. एक पाईप १२ मीटरचा धरला तर ४४०० सांधे होतात. अशा कुठल्याही लाईनवर शंभरात एक सांधा कच्चा राहिला, तरी ४४ जागा. आपल्या तालुक्यातल्या इचलकरंजीला कृष्णेचं पाणी आणणाऱ्या वाहिनीची गळती तर तिथल्या लोकांना पाठ झालीय. गळती लागली की आपण पाणी आलं नाही म्हणून ओरडतो. चर उघडी असते तेव्हा मात्र कुणीच काही विचारत नाही.

म्हणून हात जोडून विनंती. तुमच्या दारात पाईपलाईनचं काम चालू असेल तर चारच प्रश्न विचारा.

१. पाईपवरचा नंबर आणि कारखान्याचा टेस्ट रिपोर्ट जुळतो का?
२. वेल्डरची परीक्षा घेतली का? रॉड कोरडे ठेवलेत का?
३. पाण्याची चाचणी कधी, किती किलोवर, किती वेळ? सांधे तोवर उघडे राहणार का?
४. रजिस्टरवर सही करणारा माणूस चाचणीच्या वेळी तिथं हजर होता का?

उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्यात नुसती कागदं मागता येतात असं नाही, सरकारी कामाची जागेवर पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्जाची फी १० रुपये.

आणि जे सही करतात, सेक्रेटरी असोत, इंजिनिअर असोत की सदस्य, त्यांना एवढंच सांगतो. काटा स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय पेन उघडू नका.

परवा त्या पोराला हे सगळं चरीच्या कडेला उभं राहून सांगितलं. आधी हसला, मग म्हशीची गोष्ट ऐकून गप्प झाला. जेसीबी थांबवला. साहेबांना फोन लावला. बुजवलेले सांधे पुन्हा उघडे करून शनिवारी सकाळी नऊला टेस्टिंग घेतो म्हणालाय.

मी जाणार आहे. आसपासच्यांनी तुम्हीपण या. काही करायचं नाही, फक्त काट्याकडं बघत उभं राहायचंय.