भिंतीपलीकडे

अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या घराच्या भिंती दीड फूट जाड, दगडी. उन्हाळ्यात त्यांचं कौतुक. वायफायच्या मात्र त्या आड येतात. दोन हजारांत बसणारा राऊटर हवा म्हटल्यावर दुकानदार अँटेना मोजून दाखवू लागला. चार अँटेना म्हणजे चौपट पल्ला, असं काही नसतं. प्रसारणाच्या ताकदीला सरकारी मर्यादा असते, ती महागड्यालाही पाळावी लागते.

वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर वेग भरपूर, पण दगडापाशी तो सिग्नल हरतो. २.४ वर वेग कमी, तरी भिंतीतून त्यामानाने जास्त पार होतं. मला हे दुसरंच जवळचं वाटलं. स्वयंपाकघरातून माडीवर येणाऱ्या आईच्या हाकेसारखं: शब्द कळो न कळो, बोलावलंय एवढं पोचायचं.

शेवटी दोन्हीवर चालणारा साधाच ड्युअल बँड राऊटर घेतला. उरलेल्या पैशांत लांब लॅन केबल, म्हणजे तो घराच्या मध्यावर, उंचावर ठेवता येईल.

मागच्या खोलीत अण्णा एकटे असतात. तिथं रेंज पोचावी ही माझी इच्छा. त्यांची आहे का, हे विचारलेलं नाही. नातवंडांचे व्हिडिओ कॉल यावेत म्हणतात खरे, पण फोन बहुतेक वेळ पालथाच.

केबलसाठी भिंतीला भोक पाडावं लागेल. त्यावर घरात अजून एकमत नाही.